ओसरीवरचा ओनामा

मराठीत कुठल्याही कामाला सुरुवात झाली की आपण 'ओनामा झाला' असं सहज म्हणून जातो. हा शब्द शाळेतून आला आहे. पण ती शाळा आजच्यासारखी घंटा वाजणारी नव्हती. ती कुणाच्या तरी ओसरीवर, देवळाच्या मंडपात नाहीतर गावच्या चावडीत भरायची आणि पंतोजी ती चालवायचे. पाटीवर धूळ पसरून पहिलं अक्षर गिरवण्याआधी पोराकडून 'ओनामासीधं' म्हणवून घेत. त्याचं मूळ 'ॐ नमः सिद्धम्'. पोरांच्या तोंडी त्याची मोडतोड झाली आणि अर्थ कुठल्या कुठं गेला. जैनांच्या कानाला मात्र तो अजून लागतो, कारण णमोकार मंत्रात अरिहंतांच्या मागोमाग नमन आहे ते सिद्धांना. त्यामुळे आमच्यातले काही अभ्यासक हा जैन गुरुजींचा वारसा मानतात. दुसरे म्हणतात, 'सिद्धम्' हा नुसता शुभारंभाचा शब्द आहे. त्या वादात मला पडायचं नाही. ज्या घरांत सिद्धांचं नाव कधी घेतलं गेलं नाही, त्या घरांतली पोरंही पिढ्यान्‌पिढ्या हेच शब्द म्हणून अक्षराला हात घालत होती, एवढं मला पुरे आहे.

या पंतोजींना पगार नसायचा. धान्य, सणासुदीचा शिधा आणि पालक देतील ते चार पैसे यावर त्यांचं चालायचं. शिकवायचे काय, तर बाराखडी, मोडी अक्षर आणि उजळणी. उजळणी म्हणजे नुसते बे ते तीसचे पाढे नव्हेत. त्यात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीही यायची. औट म्हणजे साडेतीन, आणि साडेतीनाचा पाढा ती औटकी. कुलकर्ण्याच्या, वाण्याच्या, सावकाराच्या पोराला पुढं जे लागणार ते सगळं ओसरीवरच मिळायचं. म्हणजे हिशेब ज्यानं ठेवायचा त्याच्या पोराला हिशेब यायचा. ज्याचा हिशेब ठेवला जायचा, त्याचं पोर ओसरीच्या पायरीवरसुद्धा नसायचं. आणि मुली तर कुठल्याच बाजूला नसायच्या.

म्हणून घरी शिकवण्याचा इतिहास वाचताना मी आधी एकच बघते. ओसरी कुणाची होती आणि तिच्यावर कोण बसलं?

पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली, हे आता शाळकरी पोरांनाही पाठ असतं. त्याआधीची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. सावित्रीबाई शिकल्या त्या घरी, आणि शिकवणारे होते जोतीराव. पुढं १८४९ मध्ये दोघांना वडिलांचं घर सोडावं लागलं, तेव्हा उस्मान शेख यांनी आपल्या घरात जागा दिली. म्हणजे ज्या कामासाठी एका घरानं दार लावलं, त्याच कामासाठी दुसऱ्या घरानं ते उघडलं, आणि उघडणाऱ्याचा धर्मही वेगळा होता. १८५५ साली तर फुले पतिपत्नींनी राहत्या घरातच मजूर-शेतकऱ्यांसाठी रात्रशाळा घेतली. दिवसा राबून आलेल्या माणसाला रात्री पाटी द्यायची, ही कल्पना तेव्हा किती जणांना सुचली असेल! सावित्रीबाईंचं १८५६ सालचं एक पत्र आहे. आजारपणामुळे त्या माहेरी गेल्या होत्या. तिथून त्या लिहितात, त्यात फातिमाची काळजी आहे. आपण नसल्यानं कामाचा सगळा भार तिच्यावर पडत असणार, ही ती काळजी. ते पत्र वाचताना मला चळवळ वगैरे काही दिसत नाही. आज आपल्याला जमणार नाही, मग पोरांकडं कोण बघेल, असं म्हणणारी शिकवणारी बाई तेवढी दिसते.

रमाबाई रानडे यांचंही तसंच. लग्नानंतर न्यायमूर्तींनी त्यांना रात्री शिकवलं आणि दिवसा घरातल्या बायकांची बोलणी त्यांनी खाल्ली. त्यांच्या आठवणींचं पुस्तक १९१० साली आलं. आमच्या कॉलेजात मराठीच्या तासाला ते आम्ही भाषेच्या सौंदर्यासाठी वाचलं. त्यातला स्वयंपाकघरातला जाच आम्हा मुलींना लग्नानंतरच कळला, ते सोडा.

आता आमच्या समाजाकडे येते. मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांची मुलगी मगनबाई तरुणपणीच विधवा झाली. वडिलांनी तिला कोपऱ्यात बसवलं नाही, घरी पंडित आणून शिकवलं. त्या शिक्षणातून पुढं श्राविकाश्रम उभा राहिला, जिथं विधवा आणि निराधार जैन बायका शिकल्या आणि शिकवू लागल्या. सोलापुरात पुढं पंडिता सुमतीबाई शहा यांनी तोच धागा श्राविका संस्थेत धरला. आमच्या या भागात दक्षिण भारत जैन सभा १८९९ साली निपाणीजवळच्या स्तवनिधीला सुरू झाली, तेव्हा तिचं नाव दक्षिण महाराष्ट्र जैन सभा होतं. तिनं कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळीला बोर्डिंगं काढली. खेड्यातल्या शेतकरी जैनाचं पोर शहरात येऊन मॅट्रिक झालं ते या बोर्डिंगांमुळे. माझ्या सासऱ्यांची पिढी त्यातलीच. या कामाचं ऋण मोठं आहे आणि ते मी मानते. पण ती ओसरी आपल्या पोरांची होती. हे म्हटलं की आमच्यातल्या काही जणांना राग येतो. येऊ दे.

कारण त्याच बोर्डिंगातून बाहेर पडलेल्या एका मुलानं पुढं ओसरीचा अर्थच बदलला. कुंभोजला १८८७ मध्ये जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात होते. त्यांच्या चरित्रांत सांगितलं आहे की अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला ते गेले. परत आल्यावर आंघोळ केल्याशिवाय पंगतीला बसायचं नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. भाऊरावांनी आंघोळ केली नाही, आणि बोर्डिंग सुटलं. पुढं साताऱ्यात ते शिकवण्या घेऊ लागले, तेव्हा लोक त्यांना 'पाटील मास्तर' म्हणायचे. म्हणजे आज जगभर ज्यांच्या रयत शिक्षण संस्थेचं नाव आहे, ते सुरुवातीला चक्क शिकवणीचे मास्तर होते. १९१९ साली कराडजवळच्या काले इथं त्यांनी संस्था सुरू केली आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं.

हे सगळं पुस्तकांत आहे, भाषणांत आहे, पुतळ्यांखाली कोरलेलं आहे. माझं लक्ष जातं ते लक्ष्मीबाईंकडे.

लक्ष्मीबाई भाऊरावांच्या पत्नी. घराणं पाटलांचं, संस्कार कडक जैन. सोवळंओवळं, गाळलेलं पाणी, रात्री न जेवणं हे ज्या घरात श्वासासारखं असतं, तशा घरातून आलेली ही बाई. आणि तिच्या दारात महार, मांग, मराठा, मुसलमान, रामोशी अशी पोरं येऊन राहिली, जेवली, झोपली. तिनं त्यांना आईपण दिलं. बोर्डिंगचा खर्च निघेना तेव्हा एकेक करून अंगावरचे दागिने दिले, आणि शेवटी मंगळसूत्रही. १९३० साली त्या गेल्या, संस्थेचा वटवृक्ष झालेला त्यांनी पाहिला नाही. सभेत दागिन्यांचा उल्लेख आला की टाळ्या पडतात. मला मात्र वाटतं, सोनं देणं त्यातल्या त्यात सोपं होतं. मंगळसूत्र बाई एकदा काढून देते. पण आपल्या पाण्याच्या तांब्याला दुसऱ्याच्या पोराचा हात लागू देणं हे रोज करावं लागतं, सकाळ-संध्याकाळ, आणि माहेरचं कुणी आलं तर त्याच्या नजरेदेखत. कुणाही बाईला विचारा, यातलं अवघड काय ते ती सांगेल. शिकवणं म्हणजे फळ्यावर लिहिणं एवढंच धरलं, तर लक्ष्मीबाईंनी शिकवलं नाही. पण त्यांच्या चुलीशिवाय त्या पोरांपैकी किती जण शिकले असते?

मी राहते बेळगावच्या शहापूर भागात. इंग्रजी अमलात बेळगाव इंग्रजांचं आणि लागून असलेलं शहापूर सांगली संस्थानाचं. नंतर दोन्ही मुंबई राज्यात आली आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. आमच्या मागच्या गल्ल्यांतून वडगाव-खासबागपर्यंत विणकरांची वस्ती आहे. दिवसभर मागांचा खडखडाट. सतरा-अठरा वर्षांपूर्वी आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या बाई आपल्या चौथीतल्या मुलीला घेऊन यायला लागल्या. मुलीची वही पाहिली. अक्षर मोत्यासारखं, एक खाडाखोड नाही. मी म्हटलं, वाच बघू. ती गप्प. बोट ठेवून दाखवलं तरी गप्प. फळ्यावरचं चित्र काढावं तसं ती अक्षर काढत होती. मास्तर वहीवर बरोबरची खूण करत होते आणि पोरगी दरवर्षी वरच्या वर्गात जात होती. तिच्यापासून माझ्याकडे ओनामा झाला. तिच्यामागून तिची धाकटी बहीण, मग शेजारची दोन पोरं. चौदाच्या वर मी कधी घेतली नाहीत, कारण सोप्यात जाजम तेवढंच मावतं.

वेळ आमच्या धर्मानंच दिली. आमच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवण. साडेपाचला स्वयंपाक, सहा-सव्वासहाला ताटं, आणि मग बाई मोकळी. बाकीच्या घरांत ज्या वेळेला कुकर लागतो, त्या वेळेला माझ्या हाताला काम नसतं. साडेसहा ते आठ हा तास-दीड तास मला असा आयता मिळाला. मालिका बघण्यात जाणारा होता, तो इथं लागला.

पहिलं वर्षभर पोरं बाहेर ओट्यावर बसायची. सासूबाई कर्मठ. त्यांनी 'नको' म्हटलं नाही आणि 'बरं' पण म्हटलं नाही. जुलैचा बेळगावचा पाऊस तुम्हाला ठाऊक असेल, तिरपा येतो, छत्रीला जुमानत नाही. एका संध्याकाळी पोरं वह्या छातीशी धरून भिंतीला चिकटली होती. सासूबाई आतून जप करताना बघत होत्या. माळ खाली ठेवली आणि म्हणाल्या, "अगं, पोरं भिजालीत की. आत घे." एवढंच. त्यानंतर ती कधी बाहेर बसली नाहीत. त्यांच्या पाण्यासाठी वेगळी कळशी ठेवायची का, हा प्रश्न मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही. पुढं तर एकेकाला बोलावून त्या नखं बघायला लागल्या. नख वाढलेलं दिसलं की हातात नेलकटर. पोरं मला कमी, त्यांना जास्त भ्यायची.

आमच्याकडे भाषेचा एक जास्तीचा पेच असतो. घरात मराठी, शाळा कुणाची कानडी तर कुणाची मराठी, रस्त्यावर दोन्ही, आणि पालकांना हवी इंग्रजी. भाषेवरून इथं मोर्चे निघतात, पाट्यांना काळं फासलं जातं. पोराला मात्र बसची पाटी वाचायला कानडी लागते, आजीशी बोलायला मराठी, आणि नोकरीच्या अर्जाला इंग्रजी. मी तिन्ही घेते, जमेल तशी. श्रवणबेळगोळला बाहुबलींच्या पायाशी जे लेख आहेत, त्यांचा फोटो मी मुलांना दाखवते. चामुंडरायानं मूर्ती करवली, हीच गोष्ट तिथं कानडीत, तमिळमध्ये आणि मराठीत कोरलेली आहे. मराठीच्या जुन्या लेखांमध्ये त्याचं नाव आदरानं घेतलं जातं. एका पोरानं विचारलं, "काकू, तीनतीनदा कशाला लिवलंय तेच?" दुसऱ्यानं लगेच उत्तर दिलं, "सगळ्यास्नी कळायला पायजे की रे." मी पुढं काही बोलले नाही.

वस्तू म्हणाल तर फारशा लागत नाहीत. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर अक्षरं, जुन्या कॅलेंडरांवर तारखांची गणितं, लाइटचं बिल, रेशनचं कार्ड. भाजीवालीच्या पोराला पावकी तोंडपाठ असते, पण कागदावर पाव कसा लिहायचा ते येत नाही. शाळेत त्याला 'गणितात कच्चा' म्हणतात. तिथं मला आजोबांची उजळणी उपयोगी पडली. सवायकी, दिडकी, अडीचकी मी लहानपणी त्यांच्या मांडीवर म्हटली होती. आजच्या पुस्तकांतून ती गेली आहे. एकदा ताल धरला की पोरांना ती गाण्यासारखी येते.

आणि आया. त्यांना शिकायचं असतं, पण पोरांसमोर नाही. कथासरित्सागरात एक गोष्ट आहे, ती मी त्यांना सांगते. सातवाहन राजा राण्यांबरोबर पाण्यात खेळत होता. पाणी मारू नका म्हणून राणी संस्कृतात म्हणाली, 'मोदकैः'. म्हणजे 'मा उदकैः'. राजाला संधी कळला नाही, त्यानं लाडू मागवले. राणी हसली, दासी हसल्या. राजा शरमेनं अंथरुणाला खिळला. प्रधान गुणाढ्य म्हणाला, व्याकरणाला बारा वर्षं लागतात, मी सहांत शिकवीन. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत. आणि त्यानं शिकवलं. ते सोपं व्याकरण म्हणजे कातंत्र, जे जैनांमध्ये पुढं फार चाललं. हा राजा आपल्या पैठणचा. एवढ्या मोठ्या राजाला वाटली तशी लाज बँकेत अंगठा लावताना बाईलाही वाटते. चार आया सही करायला शिकल्या. पाचवी म्हणाली, "माझं नाव लई लांब हाय अक्का, निम्मंच शिकवा."

सगळं असं गोड नाही. त्या पहिल्या मुलीचं सांगते. सातवी झाली आणि तिला शाळेतून काढलं. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळा. ती तेराची होती. मी घरी गेले. एका खोलीत दोन चरखे, त्यावर मायलेकी मागासाठी कांड्या भरत बसल्या होत्या. तिची आई उठलीसुद्धा नाही. हात चालू ठेवून म्हणाली, "शिकून काय करणार अक्का ती? कांड्या भरल्या तर सांजच्याला हातात पैसं तरी येत्यात." बाप आजारी, दोन धाकटी पोरं. कायदा सांगायला माझ्याकडे तोंड होतं, पण त्या घरातला खर्च उचलायला हात नव्हते. शाळेत सांगून पाहिलं. एकदा कुणी घरी येऊन गेलं, नाव हजेरीत काही दिवस राहिलं, मग गेलं. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं. बडोद्याच्या सयाजीरावांनी १९०६ मध्ये आपल्या राज्यभर ते केलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात केलं. गोखल्यांनी १९११ साली त्यासाठी विधेयक आणलं, ते फेटाळलं गेलं. एवढी मोठी माणसं शंभर-सव्वाशे वर्षं ज्यासाठी भांडली, ते शेवटी दोन चरख्यांपाशी येऊन थांबतं.

तरी ती दीड वर्ष संध्याकाळी येत राहिली. दिवसभराच्या सुतानं बोटं सोललेली असायची, पेन्सिल धरताना दुखायची. म्हणून मी तिच्याकडून लिहून घ्यायचं कमी केलं. तोंडी हिशेब घ्यायचे. धडे तिला नकोच होते. उजळणी हवी होती, कारण कांड्यांचे पैसे डझनावर मिळत. ती वाचायला शिकली ते मजुरीच्या चिठ्ठ्यांवरून. मग लग्न झालं आणि ती खासबागेकडे गेली. धाकटी मात्र टिकली. ती यंदा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि लहान पोरांची बाराखडी आता तीच घेते. मी मोठ्यांची गणितं घेते. सासूबाई गेल्याला पाच वर्षं झाली. त्यांचं नेलकटर खिडकीत ठेवलेलं असतं, पोरं आपली आपण नखं कापतात.

थोरली मधूनमधून येते. गेल्या महिन्यात आली, कडेवर मूल होतं. सव्वीस डझन कांड्या, डझनाला साडेतीन रुपये. मूल जाजमावर सोडलं, डोळे मिटले आणि औटकी म्हणाली. एक्याण्णव. चिठ्ठीवर सत्त्याऐंशी लिहिले होते. माझ्याकडून फक्त एक पेन मागून घेतला, सत्त्याऐंशीखाली रेघ मारली, शेजारी एक्याण्णव लिहिले, आणि मूल उचलून ती चिठ्ठी देणाऱ्या मालकाकडे गेली.